दिघोरी ते भिवापूर एवढा मणी

प्रेमिला गोंडाणेच्या पर्समध्ये हात घालायची हिंमत शाळेत कोणी करत नसे. हाताला आधी ज्वारी लागायची, मग हरभरे, मग दोन-चार टपोरे काबुली चणे, आणि दिवाळीनंतरचे दिवस असले तर तळाशी एखादं संत्रं. शिक्षकांच्या खोलीत यावरून तिची हमखास चेष्टा व्हायची. ‘मॅडम, आज डबा इथंच शिजवता का?’ असं गणिताचे मार्तंड सर विचारायचे. प्रेमिला हसायची, तास संपल्यावर संत्रं सोलून त्यांच्याच हातावर फोडी ठेवायची आणि संध्याकाळी हुडकेश्वरच्या नाक्यावरून दुसरं घ्यायची.

ही तिची प्रयोगशाळा होती. नववीच्या वर्गात रेणूचा धडा आला की ती प्रत्येक मुलीच्या तळहातावर ज्वारीचा एकेक दाणा ठेवायची. ‘हा पाण्याचा एक रेणू समजा. खरा तर इतका लहान की या दाण्याच्या रुंदीत ते एकाला एक लावून दीड कोटी बसतील. पण आज आपण त्याला फुगवला. आता जगातलं सगळंच तेवढ्या पटीनं फुगणार. सांगा, रक्तातल्या साखरेचा रेणू केवढा होईल?’ मुली पर्वत सांगायच्या, ट्रक सांगायच्या. प्रेमिला पर्समधून काबुली चणा काढायची. मग संत्रं काढून दोन बोटांत धरायची. हे हिमोग्लोबिन, रक्ताला लाल करणारं. आणि ज्या तांबड्या पेशीत ते राहतं ती पेशी? ती खिडकीकडे बोट करायची. बाहेर शाळेचं मैदान होतं, शंभर मीटरच्या शर्यतीचं. ‘तेवढी एक पेशी. आणि तिच्यात अशी सत्तावीस कोटी संत्री.’ नागपूरच्या पोरींना संत्र्यांचं काय कौतुक, पण या आकड्यावर त्या वळून मैदानाकडे बघायच्या.

अदिती नावाच्या एका चौकस पोरीने तिला एकदा विचारलं, ‘मॅडम, मंग पाणी ज्वारीएवढंच काहून राह्यलं? अन् हे दुसरं संत्र्याएवढं कसं झालं?’

प्रेमिलाला असा प्रश्न आला की तिचा चेहरा उजळायचा. तिने सगळ्या वर्गाला उठवून व्हरांड्यात आणलं. काही मुलींना एक हात पाठीमागे धरायला लावला. त्या हायड्रोजन, त्यांना एकच हात. ऑक्सिजनच्या मुलींना दोन हात. कार्बनसाठी दोन-दोन मुली पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, म्हणजे चार हात. ‘आता धरा एकमेकींना. एकही हात मोकळा नको.’ ऑक्सिजनच्या एका मुलीला दोन्हीकडून हायड्रोजनच्या मुलींनी धरलं आणि त्यांचा कारभार तिथंच आटोपला. झालं पाणी. तिघींना आता कोणी धरू शकत नव्हतं. कार्बनवाल्यांचं मात्र संपेना. एकीने दुसरीला धरलं तरी तिचे तीन हात उरायचे, त्यांना आणखी कोणी यायची, आणि बघता बघता साखळी व्हरांडा ओलांडून पायऱ्या उतरून मुख्याध्यापिकांच्या खिडकीखाली पोचली. त्यांनी बाहेर येऊन काय चाललंय विचारलं, तेव्हा एका मुलीने हात न सोडता सांगितलं, ‘रेणू मोठा होऊन राहिला मॅडम.’

‘आणि मोठं होऊन करायचं काय?’ प्रेमिला शेवटी सांगायची. ‘लहान असलं की कुठूनही निसटता येतं. प्राणवायू, पाणी सगळीकडे शिरतात. पण त्या प्राणवायूला धरून पोचवायचं तर धरणारा मोठा लागतो, नाहीतर तोच मूत्रपिंडाच्या गाळणीतून निघून जाईल. लहानांनी पळायचं, मोठ्यांनी धरायचं.’

हे असलं शिकवणं तिला कोणी बीएडच्या वर्गात शिकवलं नव्हतं. ते तिने घरी कमावलं होतं आणि त्याची किंमतही घरानेच मोजली होती. तिचा धाकटा भाऊ गोविंदा सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला तेव्हा ती बीएस्सीला होती. सतरा वर्षांचा पोरगा. अंग दुखायला लागलं की भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घ्यायचा आणि ताईला म्हणायचा, ‘काही तरी गंमत सांग नं वं.’ प्रेमिला त्या वर्षी जे शिकत होती तेच त्याला गंमत म्हणून सांगायची. अणू, रेणू, त्यांचे हात. त्याला ते आवडायचं. वर्गात कोणी पोर पोटाशी गुडघे घेऊन बसलेली दिसली की प्रेमिलाचं अजूनही खडूवरून लक्ष उडतं. दरवर्षी ती नववीच्या सगळ्या मुलींची रक्ततपासणी करवून घेते. कोणाच्या घरचे कुरकुरले तर त्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, ते होकार देईपर्यंत उठत नाही.

एका माणसाला मात्र तिने यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. आपल्या मायला.

पंचफुलाबाई आता पंच्याहत्तरीच्या पुढच्या. माहेर भिवापूरचं, सासर नागपूरचं. नवरा रुपराव गिरणीत होता आणि पंचफुलाबाई घरी बसून इतवारीच्या व्यापाऱ्यांचे मणी ओवायच्या. गळ्यातल्या माळा, काळ्या मण्यांच्या पोती, लहान पोरांच्या मनगटातले सर. त्यांच्या हातची माळ व्यापारी न तपासता घ्यायचा, याचा त्यांना फार अभिमान. ‘माह्या हातून चुकीचा मणी जात नाही,’ हे वाक्य प्रेमिलाने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते तिला मायच्या नावासारखंच वाटायचं. नवरा गेला, गिरणी त्याच्याही आधी गेली, लेक कमावती झाली, तरी त्यांनी सुई सोडली नव्हती. गोविंदाचं नाव मात्र त्या घेत नसत. कोणी काढलं तर उठून मोरीकडे जात.

या हिवाळ्यात प्रेमिलाच्या डोक्यात आलं की संत्रं नुसतं दाखवून भागणार नाही, ते आतून कसं आहे हे पोरींना हाताने कळलं पाहिजे. हिमोग्लोबिन म्हणजे चार माळा गुंडाळून झालेला एक गोळा. त्यातल्या एका जातीच्या माळेत एकशे सेहेचाळीस मणी. आणि तिच्यात सहावा मणी बदलला की सिकलसेल. एवढंच. घरात नागपुरातले सगळ्यात नेटके हात बसलेले असताना माळ ओवायला दुसरीकडे कशाला जायचं? तिने इतवारीतून हरभऱ्याएवढे रंगीत मणी आणले, एका रविवारी मायच्या पुढ्यात बसून एकेक रंग सांगत गेली आणि मायने पहिली माळ ओवली. सहावा आणि सातवा मणी लाल, जोडीचे.

‘आता दुसरी अश्शीच, माय. फक्त सहावा लाल नको, पिवळा घाल. पहिला मणी आहे ना, तसा.’

‘बरं,’ पंचफुलाबाई म्हणाल्या.

बुधवारी प्रेमिला दोन्ही माळा घेऊन वर्गात गेली. मोठ्या दिमाखात तिने सांगितलं की या दोन माळांत एकच मणी वेगळा आहे, शोधा. पोरींनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत माळा फिरवल्या. उलट्या केल्या, सुलट्या केल्या, मोजल्या. शेवटी अदिती उभी राहिली. ‘मॅडम, ह्या तर सेम टू सेम आहेत.’ प्रेमिलाने माळ हातात घेतली. सहावा लाल, सातवा लाल. वर्ग हसला आणि तीही हसली, दुसरं करणार काय?

घरी येऊन तिने लटक्या रागाने माळ मायपुढे धरली. ‘माय, सहावा पिवळा सांगतला होता ना?’

‘सांगतला होता,’ पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. ‘पण ती जोडी आहे. जोडी फोडून ओवलं तं पाहणारा काय म्हणन? तुह्याकडून घाईत चुकीचं सांगतल्या गेलं असन म्हणून मी नीट करून ठेवलं.’

‘अवं, चुकीचाच पाहिजे होता मले!’

‘चुकीचा मणी कायले पाहिजे?’

इथे प्रेमिलाने जरा थांबायला हवं होतं. पण धडा डोक्यात असला की तिला समोर कोण बसलंय ते दिसत नाही, हा तिचा दोष आहे आणि तो तिच्या चांगुलपणातूनच येतो. ती उत्साहाने सांगत गेली. ही रक्तातली माळ आहे. लाल मण्याला पाणी आवडतं, पिवळा तेलकट. लालच्या जागी पिवळा आला की प्राणवायू सुटल्यावर हे गोळे एकमेकांना चिकटतात, त्यांच्या लांब काड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांत अडकते. मग अंग दुखतं.

‘गोविंदाचं दुखायचं तसं?’

किती वर्षांनी मायच्या तोंडून ते नाव निघालं होतं. ‘हो माय,’ प्रेमिला म्हणाली. ‘तसंच. एका मण्यानं.’

पंचफुलाबाईंनी माळ खाली ठेवली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या, पण मण्यांचा डबा त्यांनी कपाटावर ठेवून दिला आणि पुढे आठवडाभर सुईला हात लावला नाही. प्रेमिलाने ताप बघितला, डॉक्टरकडे नेऊ का विचारलं. शेवटी एका सकाळी, अंगणातल्या उन्हात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडता निवडता त्या आपणच बोलल्या.

‘मले माहीत होतं, मणीच होता म्हणून.’

मग त्यांनी सांगितलं. गोविंदा पोटात होता, सातवा महिना. खोली एवढीशी, तुरुतुरु चालणारी प्रेमिला ताटलीतले मणी उधळायची, म्हणून पंचफुलाबाई मणी गालात धरून ओवायच्या. तेव्हा सगळ्याच ओवणाऱ्या बाया तसं करायच्या. एकदा उचकी लागली आणि एक मणी गिळला गेला. लाल, ज्वारीएवढा. कोणाला सांगितलं नाही. नंतर पोराचं रक्त खराब निघालं. ‘तवापासून मले माहीत आहे. आता तूही तेच म्हणून राहिली.’

प्रेमिलाच्या हातातली सांभाराची जुडी तशीच राहिली. एवढी वर्षं! छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून पंचफुलाबाई धम्मदीक्षेला आल्या होत्या. घरातले देव तेव्हाच गेले, त्यांच्याबरोबर कोप आणि शापही गेले. प्रेमिलाला या गोष्टीचा नेहमी अभिमान वाटत आला होता. पण पोरगा गेल्यावर दोष द्यायला या बाईपाशी देवही उरला नव्हता, म्हणून तिने तो सगळा एकटीने आपल्या अंगावर घेतला होता, हे प्रेमिलाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आणि त्यावर सख्ख्या लेकीने, सायन्सच्या मॅडमने, ‘एका मण्यानं’ म्हणून शिक्का मारला होता. प्रेमिलाला स्वतःच्या जिभेचा राग आला.

‘माय, अवं पोटात गेलेला मणी दुसऱ्या दिवशी बाहेर पडते!’

‘पाह्यला कोणी?’

‘पोटातून तो लेकरापर्यंत जाऊच शकत नाही.’

‘तू माही पोरगी आहेस. माह्या जिवाले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली.’ आणि त्या उठून मोरीकडे गेल्या.

पुढच्या रविवारी भिवापूरला मायच्या भाच्याच्या नव्या घराचं जेवण होतं. पंचफुलाबाई यायलाच तयार नव्हत्या. शेवटी माहेरच्या नावाने त्या आल्या. दिघोरी नाक्यावर एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. बस सुटायच्या आधी प्रेमिलाने पर्स उघडली आणि मायच्या उजव्या तळहातावर ज्वारीचा एक दाणा ठेवला, डाव्या हातात संत्रं दिलं.

‘हे काय आता?’

‘हा दाणा म्हणजे पाण्याचा कण. सगळ्यात बारीक समज. हे संत्रं म्हणजे तुह्या रक्तातला गोळा, चार माळांचा. गोविंदाचा मणी ह्याच्यात चुकला होता. आता मले सांग, पाण्याचा कण एवढा मोठा धरला तं तू गिळलेला लाल मणी केवढा होईन?’

पंचफुलाबाईंनी लेकीकडे संशयाने पाहिलं. ‘भोपळ्याएवढा?’

‘जास्त.’

‘ह्या गाडीएवढा?’

तेवढ्यात बस हलली. ‘माय, तो मणी इथून सुरू झाला,’ प्रेमिला म्हणाली. ‘ह्या नाक्यापासून. आता आपण त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाकडं जाऊन राहिलो. संपला की सांगते.’

पंचफुलाबाईंनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. घरं विरळ झाली, शेतं आली. तुरी उभ्या होत्या. पाचगाव आलं तेव्हा त्यांनी न वळताच विचारलं, ‘संपला?’

‘नाही. चालू आहे.’

बराच वेळ गेला. ‘आता?’

‘अजून मणीच आहे, माय.’

पुढच्या सीटवरच्या बाईला राहवेना. तिने वळून विचारलं, ‘काय हरवलं वं आजी?’

‘मणी,’ पंचफुलाबाई म्हणाल्या. ‘संपूनच नाही राहिला.’

उमरेडला बस थांबली, लोक उतरले, चढले, कोणी समोसे आणले. पंचफुलाबाईंनी ज्वारीचा दाणा मुठीत घट्ट धरला होता. संत्रं मांडीवर होतं. बस पुन्हा निघाली. त्या आता खिडकीबाहेर पाहत नव्हत्या, मूठ उघडून दाण्याकडे पाहत होत्या, मग संत्र्याकडे, मग रस्त्याकडे. शेवटी अंगणांत आणि शेतांच्या कडेला वाळत घातलेल्या मिरच्यांचे लाल पट्टे दिसायला लागले, नाकाला तो ओळखीचा ठसका आला आणि बस स्टँडमध्ये शिरली.

‘आता संपला,’ प्रेमिला म्हणाली. ‘थोडं इकडं-तिकडं धर. पण दिघोरीपासून भिवापूर, साठेक किलोमीटर, एवढा तुहा मणी.’

त्या दोघी उतरल्या आणि स्टँडच्या बाकावर बसल्या. प्रेमिलाने आता घाई केली नाही. पोटात लेकरू असतं तेव्हा मायचं रक्त आणि लेकराचं रक्त एक होत नाही, हे तिने सांगितलं. मधे पडदा असतो. त्यातून ज्वारी जाते, चणे जातात. पाणी, प्राणवायू, साखर. ‘हे संत्रंही अडते, माय. तुह्या रक्तातलं संत्रं गोविंदाकडं गेलं नाही. त्याचं त्यानं स्वतः बनवलं.’

पंचफुलाबाईंनी संत्रं फिरवून पाहिलं. ‘हेच नाही जात,’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘मंग भिवापूर कसं जाईन?’

आणि त्या हसल्या. तोंडावर पदर धरून, पोरीसारख्या, खांदे हलेपर्यंत हसल्या. त्यातच कधीतरी रडायला लागल्या. प्रेमिलाने त्यांचा हात धरला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. भाच्याचा फोन वाजत राहिला.

डोळे पुसून झाल्यावर पंचफुलाबाईंनी विचारलं, ‘मंग त्याच्या माळेत तो पिवळा आला कोठून?’

इथे खोटं बोलणं सोपं होतं. ‘कोणाला ठाऊक’ एवढं म्हटलं असतं तरी मायचं समाधान झालं असतं. पण प्रेमिलाने आयुष्यात एकाही पोरीला खोटं उत्तर दिलेलं नाही, आणि मायला देणं तर तिला शक्यच नव्हतं.

‘माळ ओवायचा नमुना लेकराले दोघांकडून येते. एक मायकडून, एक बापाकडून. तुह्याजवळ दोन नमुने होते, एक नीट अन् एक जोडी फुटलेला. बाबाजवळही तसेच. ज्याले एक नीट मिळाला त्याचं बहुतेक निभते. तुहं निभलं. माह्याजवळही एक फुटका आहे, माहं निभून राहिलं. गोविंदाले दोन्हीकडून फुटका आला.’

‘म्हणजे मी देल्लाच.’

‘तुले तुह्या माय-बापानं देल्ला, त्यांले त्यांच्या. कोणी पाहून नाही देत, माय. डोळे बांधून ओवायले बसवते आपल्याले. तुले पाहू देल्लं असतं तं तू चुकू देल्लं असतं का?’

पंचफुलाबाईंनी ज्वारीचा दाणा पदराच्या टोकाला बांधला, संत्रं लेकीच्या पर्समध्ये ठेवलं आणि ‘चाल, जेवण थंडं होईन’ म्हणून उठल्या. भाच्याकडे त्या पोटभर जेवल्या. येताना बसमध्ये झोपल्या.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला शाळेतून आली तेव्हा मण्यांचा डबा कपाटावरून खाली आला होता. माय उन्हाच्या तुकड्यात बसली होती, पुढ्यात नीट ओवलेली माळ पसरलेली, आणि तिच्याकडे पाहत ती नवी ओवत होती. पाच मणी झाले होते. प्रेमिला दारातच थांबली. पंचफुलाबाईंच्या बोटांनी सवयीने लाल मणी उचलला होता. त्यांनी तो परत ठेवला, पिवळा घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा, डोळ्यांनी बघत, समजून-उमजून, चुकीचा मणी दोऱ्यात सोडला. मग सातवा लाल. फुटलेली जोडी त्यांनी अंगठ्याने एकदा चाचपली आणि पुढे ओवत गेल्या.

प्रेमिला चहा ठेवून येऊन शेजारी बसली. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा शेवटचा मणी गेला. पंचफुलाबाईंनी माळ उचलून दोन्ही हातांत पसरली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटं फिरवली, व्यापाऱ्याला द्यायच्या आधी फिरवायच्या तशी.

‘प्रेमू,’ त्या म्हणाल्या, ‘बाकीचे एकशे पंचेचाळीस तं मी बरोबर ओवले होते ना, त्याचे?’

प्रेमिलाने नुसती मान हलवली. पण माय तिच्याकडे पाहत नव्हती, मायला ऐकायचं होतं.

‘सगळे बरोबर होते, माय.’

पंचफुलाबाईंनी दोऱ्याला गाठ मारली.